सतराव्या अंकातलं कूपन

१

माझा रविवार ठरलेला आहे. नऊला चहाचा दुसरा कप, साडेनऊला स्कॅनरची काच पुसायची आणि मग जेवणाची हाक येईपर्यंत जुन्या चित्रकथांची पानं एकेक करून तिच्यावर पालथी घालायची. बाकीचे दिवस मी एका कचेरीत लोकांचे अर्ज तपासतो. रकाने भरलेत का, सही जागेवर आहे का, ‘होय’ आणि ‘नाही’ यांपैकी एकावर खूण आहे का. बत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला रविवारी मंगळावर जावंसं वाटलं तर त्यात नवल नाही.

दुपारी मी इंटरनेटवर एक लेख टाकतो. वाचक एकशे बारा, त्यातले निम्मे माझ्या चुका काढायला येतात. विषय एकच, जुन्या चित्रकथा, जुन्या विज्ञानकथा आणि हल्लीच्या सिनेमांनी त्यांची लावलेली वाट. माझं म्हणणं असं की पूर्वी आठ पानांत माणूस गार पडायचा. राक्षस कुठून आला, त्याचं बालपण कसं गेलं, हे सांगायची कुणाला गरज वाटत नसे. आता तीन तास तेच सांगतात आणि शेवटी राक्षसाचीच दया येऊन आपण घरी जातो. त्या जुन्या लेखकांनी उडत्या मोटारी लिहिल्या, चंद्रावरची हॉटेलं लिहिली. पण माणूस दिवसातून दहा वेळा न वाचता ‘मला मान्य आहे’वर बोट टेकवेल, हे त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

बाजूच्या खोलीत माझी धाकटी बहीण कपडे शिवते. जन्मली तेव्हा चिमटीएवढी होती म्हणून तिला चिमटी म्हणतात. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. माझा संसार झाला नाही, तिचा झाला आणि मोडला. बारा वर्षांपूर्वी ती एक बॅग आणि आईचं शिलाई मशीन घेऊन या घरात परत आली. घर आईवडिलांचंच, तिसऱ्या मजल्यावर. तिची खोली म्हणजे लहानपणी आम्ही दोघं झोपायचो ती खोली. तिचं मशीन चालू असलं की मला बरं वाटतं. मी स्वतःशी बडबडत पानं उलटतो, ती भिंतीपलीकडून टीप मारते, आणि मधूनच ओरडून विचारते, “पोहोचलास का रे मंगळावर?”

तीन रविवारांपूर्वीचा लेख कूपनांवर होता. जुन्या अंकांत जाहिरातीच्या मधोमध एक कूपन असायचं. कापून पाठवलं की बिल्ला, शिट्टी, दुर्बीण असं काहीबाही घरपोच यायचं. पोरं ते कापायची आणि मागच्या बाजूच्या गोष्टीला भोक पडायचं. मीही कापलं होतं. अकरा वर्षांचा होतो, सतरावा अंक. त्यात ‘मोजणी’ नावाची गोष्ट होती. एका खोलीत दोन भावंडं रोज दारं मोजतात. एक, दोन, तीन. एके दिवशी चार भरतात. शेवटच्या पानावर, शेवटून दुसऱ्या चौकटीत काय झालं ते मला कधीच कळलं नाही, कारण ती चौकट माझ्या कूपनाच्या पाठीवर होती. तिच्या जागी भोक, आणि भोकातून पुढच्या पानावरच्या टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात दिसायचे. शेवटच्या चौकटीत थोरला मुलगा खोलीत एकटाच उभा असतो आणि म्हणतो, “आता मी एकटाच मोजतो.”

कित्येक वर्षं माझी समजूत होती की त्या दारामागे दात होते.

लेखाच्या शेवटी मी विनोद केला होता. लिहिलं होतं, पहारा मंडळाने कबूल केलेला बिल्ला अजून आलेला नाही. मंडळवाले, घर तेच आहे, या की.

२

त्या लेखावर वाचकांनी ते भोकाचं पान मागितलं, म्हणून पुढच्या रविवारी मी सतरावा अंक काढला. अशा पानांची एक रीत आहे. कागद इतका पातळ असतो की मागची छपाई पुढे उमटते. म्हणून स्कॅन करताना पानाच्या पाठीशी काळा कागद ठेवायचा. भोक असलं तर ते स्वच्छ काळं दिसतं. जुन्या पानांचा नाद असलेला कुणीही हे झोपेतही विसरणार नाही.

मी काळा कागद ठेवला, झाकण दाबलं, बटण दाबलं. पडद्यावर पान आलं. भोक काळं नव्हतं.

त्यात हिरवी भिंत होती. खाली लाकडी पट्टी, आणि उजव्या कडेला दाराच्या चौकटीचा एक उभा तुकडा. सगळं त्या स्वस्त छपाईच्या ठिपक्यांत.

मी मनाशी म्हटलं, झालं, वय झालं, कागद ठेवायला विसरलास. झाकण उघडलं. काळा कागद जागच्या जागी होता. मी तो उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. उगाच फुंकरही मारली. मग वाटलं, यंत्रात आधीचं चित्र अडकलं असेल. पण आधी मी काचेवर काही ठेवलंच नव्हतं. यंत्र बंद करून चालू केलं आणि पुन्हा स्कॅन केलं. पुन्हा भिंत. या वेळी दाराचा तुकडा जरा रुंद होता. दाराची बोटभर मूठही दिसत होती.

बाजूला मशीन चालू होतं, त्यामुळे मी घाबरलो नाही. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. चिमटीच्या खोलीची भिंत हिरवी आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण त्या काळच्या छपाईत हिरवा एकच असायचा, निळ्यावर पिवळे ठिपके मारले की झाला हिरवा. जगातल्या अर्ध्या खोल्यांच्या भिंती हिरव्या असतात. मी ते स्कॅन पुसून टाकलं आणि त्या रविवारी लेख टाकला नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

३

संध्याकाळी पिनवाल्याला फोन केला. हा माझा जुना मित्र, औषधांचं दुकान चालवतो. कुठलाही जुना अंक हातात आला की चित्राआधी तो त्याच्या पिना बघतो, गंजल्या का, बदलल्या का, म्हणून हे नाव. मी त्याला भोकाचं काही सांगितलं नाही. अख्खा सतरावा अंक कुठे पाहिलाय का, एवढंच विचारलं.

“पाहिलाय काय, माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “परवाच आलाय. एका दातांच्या डॉक्टरच्या अडगळीत होता. कूपनासकट. मी मुद्दाम तुला सांगितलं नाही, म्हटलं जरा भाव खाऊ.”

“मला हवाय.”

“पुढच्या रविवारी आणून देतो. पण परत करायचा हं, आणि पान दुमडलंस तर तुझी माझी दोस्ती तुटली.” मग म्हणाला, “गंमत सांगू? आजवर कापलेले तीन सतरावे अंक माझ्या हातातून गेले. तिन्ही विकणारे एकटे राहणारे. एकाच्या घरी भिंतीवर जुना फोटो होता, दोन पोरं हातात हात घालून उभी. मी विचारलं, ही दुसरी कोण? तर म्हणाला, आम्ही कुठे दोघं, मी एकुलता एक. फोटोवाल्याने कुणाला तरी उभं केलं असेल.”

“मग?”

“मग काय. दोघांनी अंगात एकसारखे स्वेटर घातले होते. हाताने विणलेले.” तो हसला, पण हसू लगेच आटपलं. “तू कूपन पाठवलं होतंस ना रे? तुझ्याच नावावर?”

मी म्हटलं, “हो, माझ्याच.” आणि फोन ठेवला.

खोटं बोललो. ते कूपन मला आजही तोंडपाठ आहे. वर ‘पहारा मंडळाचे सभासद व्हा’. खाली नाव, पत्ता. मग ‘आपल्या खोलीला दारे किती?’ आणि शेवटी एक प्रश्न, ‘आमचा माणूस आल्यास त्याच्याबरोबर यायला तयार आहात का? होय / नाही.’ नुसत्या ‘नाही’ला बिल्ला कोण देणार? मला बिल्ला हवा होता, पण कुणाबरोबर कुठे जायला मी तयार नव्हतो. भित्रा होतो, अजूनही आहे. म्हणून मी नावाच्या रकान्यात सहा वर्षांच्या चिमटीचं नाव लिहिलं, अक्षर लहान मुलीचं वाटावं म्हणून डाव्या हाताने. आणि ‘होय’वर खूण केली.

४

बुधवारी कचेरीतून आलो तेव्हा चिमटीने मशीन खिडकीशी ओढलं होतं.

“हे का हलवलंस?”

“पाठीला वारा लागतो.” ती दातांत दोरा धरून बोलत होती. “त्या बाजूने. गार नाही, कोमट. कुणीतरी दार उघडं टाकल्यासारखा.”

त्या बाजूला कपाट आहे, आणि कपाटामागे भिंत. तिच्या खोलीला दोनच दारं, एक बाहेरच्या खोलीत उघडतं, दुसरं गॅलरीत. मी उभ्या उभ्या मनात मोजली. मोजावी लागली याचाच मला राग आला.

“काय रे, तोंड का असं झालंय? कचेरीत कुणी सह्या चुकवल्या का?”

मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला कूपनाचं सांगून टाकलं. बेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट चार वाक्यांत संपली. तिला हसू येईल असं वाटलं होतं, आणि आधी ती हसलीही.

“म्हणजे बिल्ला तुला, आणि जायचं मी? वा रे दादा. आणि आईची कापडाची कात्री तूच बिघडवलीस तर. मी मार खाल्ला होता त्याचा.”

“मला माहीत आहे.”

“माहीत होतं?” तिने दोरा तोडला. सुई कोटाला खोचून ठेवली. मग म्हणाली, “तू शाळेत असताना एक माणूस आला होता. मला ताप होता म्हणून मी घरी होते. आई खाली गेली होती. मला तो मीटर बघणारा वाटला. हातात कागद होता. माझ्याकडे बघितलंच नाही त्याने, नुसता भिंतींकडे बघत होता. दारं मोजली. मग म्हणाला, एक कमी आहे. झालं की येतो.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“सांगण्यासारखं काय होतं त्यात? मीटरवाला आला नि गेला.” ती बॉबिन काढून पुन्हा बसवू लागली. ते नीट बसलेलंच होतं. “एवढं मात्र खरं, तो गेला कुठून ते मी पाहिलं नाही. बाहेरचं दार वाजलं नव्हतं.”

ती खाली दूध आणायला गेली, तेव्हा मी कपाट एका बाजूने रेटलं. मागे भिंतच होती. दार नव्हतं, फटसुद्धा नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. पण आमच्या नादात एक खोड लागते. कुठलीही छपाई खरी की मागाहून केलेली, हे भिंगातून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. खिशात भिंग होतंच. मी ते भिंतीला लावलं.

रंग नव्हता. ठिपके होते. निळ्यावर पिवळे, ओळीने, कपाटाच्या मागच्या सगळ्या भिंतीवर. कडेला मात्र एक उभी रेघ काळ्या शाईची होती, सरळ, माझ्या उंचीहून जरा वर जाऊन काटकोनात वळलेली.

मी कपाट परत लावलं. तळहाताला भिंतीचा कोमटपणा लागला होता, तो बराच वेळ गेला नाही.

५

त्यानंतरचे तीन दिवस मी तिला त्या खोलीत झोपू दिलं नाही. तीही गादी उचलून बाहेरच्या खोलीत आली. दुसरीकडे जाऊ म्हटलं तर ती म्हणाली, “शनिवार-रविवार सात कोट द्यायचेत. लोक काय उघडे हिंडतील? आणि जायचं कुठे? तुझ्या मंगळावर?” मी शनिवारी दोन खोल्या बघून आलो. दोन्हीकडे सोमवारी किल्ली मिळेल म्हणाले.

रविवारी नऊ वाजता पिनवाला आला. अंक त्याने दोन पुठ्ठ्यांत बांधून आणला होता. चिमटीने त्याला चहा दिला, त्याच्या शर्टाची उसवलेली बाही उभ्या उभ्या दोन टाक्यांत शिवून दिली, आणि आत जाऊन मशीनवर बसली. “शेवटचा एकच कोट राहिलाय,” ती म्हणाली. तो गेल्यावर मी पुठ्ठे सोडले.

बेचाळीस वर्षांनी ते कूपन माझ्यासमोर होतं, कोरं. पाठीवर ती चौकट. नुसतं पान उलटायचा अवकाश. शपथेवर सांगतो, मी उलटलं नाही. मी आधी कूपन वाचलं, जसा कचेरीत अर्ज वाचतो तसा, वरपासून खालपर्यंत. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, लहानपणी मी न वाचलेली एक ओळ होती. ‘एका घरातून एकच सभासद. नाव बदलायचे झाल्यास नवे कूपन भरावे.’

लोकांनी बारीक अक्षरं वाचली नाहीत म्हणून मी आयुष्यभर त्यांचे अर्ज परत पाठवत आलोय.

काय करायचं ते सरळच होतं. कूपन कापायचं, माझं नाव लिहायचं, ‘होय’वर खूण करायची. कुठे पाठवायचं ते मला कळत नव्हतं, पण ज्यांनी मागचं घेतलं ते हेही घेतील असं वाटत होतं. कापलं की पिनवाला मला उभा चिरणार होता, आणि चौकट पुन्हा एकदा कापली जाणार होती. जाऊ दे म्हटलं. घरात कात्री एकच सापडली, आईची, कापडाची. कागदाला लावायची नाही हा चिमटीचा कायदा. मी ती तिच्या खोलीतून टेबलावरून उचलली तेव्हा ती पाठमोरी होती. कपाट होतं तिथेच होतं. मशीन चालू होतं.

बाहेर येऊन मी पात्याचं टोक कागदात खुपसलं आणि कापायला लागलो.

“कागद कापतोयस ना त्या कात्रीने?” ती आतून ओरडली. “ऐकू येतंय मला.”

“एवढंच,” मी म्हटलं.

“तुझं एवढंच मला माहीत आहे.”

कूपन निघालं. मी ते टेबलावर ठेवलं. पेन्सिल घेतली. नाव लिहिलं, माझं, उजव्या हाताने, नीट. पत्ता लिहिला. ‘दारे किती’ या रकान्यात ‘दोन’ लिहिलं. मग शेवटचा प्रश्न आला. होय / नाही.

आणि माझा हात थांबला.

किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. फार नाही. पेन्सिलचं टोक ‘होय’च्या वर होतं, कागदाला टेकलेलं नव्हतं. मी विचार करत होतो की तो माणूस दिसायला कसा असेल. मी विचार करत होतो की सोमवारी किल्ली मिळणारच आहे. मग मशीन थांबलं. ती दोरा बदलत असेल, असं मी म्हटलं. मग एक आवाज आला, कडी सरकल्याचा, हलका, तेल दिल्यासारखा. आमच्या घरातली प्रत्येक कडी मला आवाजाने ओळखू येते. ती त्यांतली नव्हती.

मी ‘होय’वर इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला.

६

खोलीत ऊन होतं. मशीनच्या सुईखाली कोटाची बाही अर्धी शिवलेली, दोरा अजून हलत होता. खुर्ची मागे सरकलेली. कपाट जागच्या जागी, आणि कपाटाच्या शेजारी, जिथे भिंतीचा चार फुटांचा तुकडा आहे, तिथे तिसरं दार होतं.

ते मिटत आलं होतं. हातभर फट राहिली होती. त्या फटीतून मला तिची पाठ दिसली, म्हणजे तिच्या निळ्या झग्याची पाठ, पण उंची तिची नव्हती. ती मूठभर होती. सहा वर्षांच्या मुलीएवढी. तिचा एक हात वर उचललेला होता, कुणीतरी धरावा तसा, आणि तो ज्याने धरला होता त्याचं मला मनगटापर्यंतच दिसलं. मनगटाच्या कडेला काळ्या शाईची रेघ होती आणि आतला रंग ठिपक्यांचा होता.

मी हाक मारली का? मारायला हवी होती. मी दाराच्या या बाजूला, माझ्या बाजूला, उभा होतो. धावलो असतो तर चार पावलं. दार मिटलं. मूठ फिरवली, ओढली, लाथा मारल्या. लाकूड होतं, घट्ट, जणू कायमचं तिथेच असलेलं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात जमिनीवर एक बिल्ला पडला होता. पत्र्याचा, पोरांचा.

मी टेबलाशी परत आलो, कारण कूपन अजून तिथे होतं आणि त्यावर माझं नाव होतं, खूण होती. मला वाटलं, अजून ते घेतील. मी ते उचललं आणि उचलताना ते उलटं झालं.

चौकट मी तेव्हा पाहिली. त्यात दात नव्हते. त्यात दार होतं, पण मागे, लहानसं, अर्धवट मिटलेलं. जवळून काढलेला होता तो थोरला मुलगा. तो एका टेबलाशी बसलेला होता, समोर एक कागद, आणि पेन्सिल धरलेला हात हवेत थांबलेला. चित्रकाराने त्याच्या कपाळावर घामाचे तीन थेंब काढले होते. बस, एवढंच. बेचाळीस वर्षं मी जी चौकट शोधत होतो, तिच्यात कुणी राक्षस नव्हता.

७

हे मी वहीत हाताने लिहितोय, कॉम्प्युटरवर नाही. आज गुरुवार आहे. सोमवारी मी किल्ली आणायला गेलो नाही. ती परत आली तर याच दाराने येईल.

मी दर तासाला आत जातो. एक, दोन, तीन. आता मी एकटाच मोजतो.

पिनवाल्याचा फोन आला होता. अंक कापला हे सांगितलं, तर तो चिडलाच नाही. म्हणाला, “जाऊ दे रे, तू एकटा माणूस, तुझा तेवढाच विरंगुळा.” मी म्हटलं, तुझी बाही रविवारी कुणी शिवली? तो म्हणाला, कुठली बाही?

काल एक बाई कोट मागायला आल्या. कुणीतरी त्यांना हा पत्ता दिला होता, कुणी ते त्यांना आठवत नव्हतं. मी कोट दिला. एक बाही अर्धीच होती. त्यांनी आत डोकावून विचारलं, “मशीन छान आहे हो जुनं. कुणाचं?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आधीच्या भाडेकरूचं असेल.”

त्या गेल्यावर मी दार लावून तिथेच जमिनीवर बसलो.  आमच्या घराला कधी भाडेकरू नव्हता. मी उठून वही घेतली आणि लिहिलं, चिमटी माझी बहीण आहे. ती कापडाच्या कात्रीने कागद कापू देत नाही. ती मला मंगळावर पोहोचलास का म्हणून विचारते. कालपासून हे मी अकरा वेळा लिहिलंय, मागच्या पानांवर आहे. पहिल्या पाच वेळी लिहिताना मला रडू आलं होतं. आज सकाळी अकराव्या वेळी लिहिलं तेव्हा आलं नाही, आणि चिमटी हे नाव एखाद्या गोष्टीतल्या मुलीचं असावं तसं वाटलं. म्हणून आता मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसलो आहे. अक्षर माझंच आहे.